सत्ताविसाव्या मजल्यावरचा समुद्र

तुम्ही खोटं बोललात, साहेब. खोटं बोललात आणि वर हसलात.

शेक मुई-होला तुम्ही नावेवरून उतरवलंत तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. जन्म नावेत, बाळंतपणं नावेत, नवराही नावेतच गेला. बंदर मोकळं करायचं म्हणून तुम्ही ती नाव फोडायला लावलीत आणि सत्ताविसाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची किल्ली कचेरीच्या खिडकीतून तिच्या हातावर टेकवलीत. तिनं एवढंच विचारलं, की समुद्रावाचून राहायचं कसं.

"समुद्र घरात येतो की, आजी," तुम्ही म्हणालात. "संडासाच्या टाकीला थेट बंदरातलं पाणी आहे."

मागची रांग हसली. मुई-हो हसली नाही. तिनं ते खरं धरलं.

नावेतून तिनं एकच जीव आणला होता, एक मासा. हातभर लांबीचं हेकरू, ओठावर गळाचा जुना वण. नवऱ्यानं, फुक-सांगनं, ते नऊ वर्षांपूर्वी पकडून नावेच्या पोटातल्या हौदात सोडलं आणि हे विकायचं नाही म्हणून बजावलं. महिन्याभरात तो गेला. त्याच्या हातचं जगात तेवढंच उरलं. ते जगलं, कारण हौदाच्या तळाला भोकं होती. समुद्र आत यायचा, घाण घेऊन बाहेर जायचा.

नव्या घरात तिनं ते काचेच्या टाकीत ठेवलं. काचेच्या टाकीला भोकं नसतात. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, तशी ती मासेवाल्या गल्लीत क्वानच्या दुकानी गेली. त्यानं फेस काढणारं यंत्र दाखवलं. माशाची घाण फेसाबरोबर वर येते म्हणे, पण ते दिवसरात्र घुरघुरणार आणि शेजारी भिंतीवर ठोकणार. नाहीतर खाली दुसरी टाकी ठेवून तीत समुद्रातले जिवंत दगड भरायचे, त्यांच्यावरचे जीव घाण खातात. खाली तर तिचीच पथारी होती. शेवटी त्यानं कोळशाचा एक डबा काढला. पाण्यातली औषधं, वास, सगळं ओढून घेतो म्हणाला. फळीवरची सगळ्यांत स्वस्त वस्तू. तिनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला.

समुद्रात कसली आलीत औषधं, म्हणाली आणि ठेवून दिला. मग तिनं नावेतल्या हौदाचं सांगितलं.

"मग पाडा भोकं सत्ताविसाव्या मजल्याला," क्वान म्हणाला.

तिनं पाडली. संडासाच्या नळाला फाटा काढून नळी काचेच्या टाकीत सोडली, दुसरी नळी मोरीत. एकीकडून समुद्र आत, दुसरीकडून बाहेर. बोट बुडवून चाखलं. खारट. वास जरा उग्र होता, पण बंदराला कधी चांगला वास होता?

तासाभरात हेकरू वर येऊन तोंड उघडमीट करू लागलं. कल्ले फडफडायला लागले, डोळ्यांवर पांढुरकी साय आली. मुई-होला वाटलं, समुद्र कमी पडतोय. तिनं नळ आणखी सोडला.

दुपारच्या आत ते उलटं झालं.

क्वाननं ऐकून कपाळावर हात मारला. अहो, त्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. तो कोळशाचा डबा लावला असता तर बहुतेक वाचलं असतं.

ती बादली घेऊन तशीच तुमच्या कचेरीत आली, साहेब. खिडकी तीच, तुम्हीही तेच. तुम्ही बादलीत डोकावलात.

"संडासाचं पाणी संडासासाठी असतं, आजी. ताजं होतं तेव्हाच आलं घालून वाफवायचं होतंत."

रांग पुन्हा हसली. मुई-होनं हेकरू दोन्ही हातांनी उचललं आणि तुमच्या कागदांवर ठेवलं.

"औषध घालता, ते तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं."

"मला नव्हतं. मी समुद्र विचारला, तू थेट बंदरातलं म्हणालास. औषधाचं का नाही बोललास?"

तुम्ही पुढचा नंबर पुकारलात. ती हलली नाही.

"बोल. मी इथंच उभी आहे. का नाही बोललास?"