धुरपताचं कुंकू

शामकलाबाईंच्या घरात नवी सून आली की देवांच्या आधी धुरपताच्या पाया पडायची. धुरपता म्हणजे शामकलाबाईंच्या आजेसासूची सासू, आणि पाया पडायचं ते तिच्या फोटोच्या. फोटो इंग्रजांच्या काळातला, गोंदियात रेल्वेलाइन पडत होती तेव्हाचा. मातीच्या भरावावर टोपीवाला साहेब, त्याच्या बाजूला पगडीवाला ठेकेदार, मागे रांगेत मजूर आणि उजव्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई. तिला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका धूर.

त्याचीही गोष्ट घरात सांगायचे. फोटो काढताना साहेबाने दम भरला होता, कोणी हलायचं नाही. सगळे श्वास रोखून उभे राहिले. पण मोहाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत धुरपताचं पोर रडलं आणि तिने झटकन मान वळवली. साहेबाचा हुकूम गेला उडत! तेवढ्याने तिचा चेहरा फोटोतून पुसला गेला. साहेब म्हणाला, वाया गेला, फेका. त्याच्या खानसाम्याने फेकला नाही, धुरपताला नेऊन दिला. झोळीतलं ते पोर म्हणजे शामकलाबाईंचा आजेसासरा.

आता चेहरा नाही म्हणून काय बाईला कपाळ नसतं? धुरपताच्या सुनेने अंदाजाने कपाळाच्या जागी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवलं. मग तिच्या सुनेने टेकवलं, मग शामकलाबाईंनी, मग त्यांच्या सुनेने, रीताने. काच बसवायचं कोणाच्याच मनात आलं नाही, कारण कुंकू काय काचेला लावायचं असतं? तेल मुरून कागद फुगला होता आणि त्या जागी लालकाळा डाग पडला होता. जुन्या फोटोंची कदर असलेला माणूस हे पाहून डोकं धरून बसला असता. या घरातल्या बायकांना मात्र तो डाग म्हणजेच धुरपता.

म्हणूनच शामकलाबाईंचा मुलगा प्रफुल जेव्हा तो फोटो मागायला लागला, तेव्हा त्यांनी तो सहजासहजी हातचा सोडला नाही. शहराच्या वारसा समितीला 'गोंदिया : काल आणि आज' असं प्रदर्शन भरवायचं होतं. समितीचे अध्यक्ष ईश्वरदास, मोठे राइस मिलवाले. प्रफुलचं तांदळाचं दुकान त्यांच्याच मालावर चालायचं. शामकलाबाईंनी एकच अट घातली.

"धुरपता दिसली पायजे."

"दिसन ना माय. भिंतभर दिसन," प्रफुल म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी शामकलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या, सोबत रीता. हॉलच्या मधल्या भिंतीवर सोनेरी चौकटीत त्यांचा फोटो, खरोखर दार मावेल एवढा. साहेबाच्या मिशीचा केसन् केस दिसत होता. शामकलाबाई उजवीकडे सरकत गेल्या. शेवटच्या मजुराचा अर्धा खांदा आला आणि तिथेच चौकट संपली. पुढे पांढरी भिंत.

"धुरपता कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

ईश्वरदास हात जोडत पुढे आले. "काकीजी, उस कोने में बड़ा दाग था. कम्प्युटरवाल्यानं खूप कोशिश केली. पण चेहराच नाही तर तो बेचारा काय करणार? म्हणून तेवढा हिस्सा कापला. पण खाली पाहा, प्रफुलभाईचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं आहे."

"ह्या साहेबाचं नाव मालूम हाय का तुमाले?"

"नाही मालूम."

"अन् ह्या पगडीवाल्याचं?"

"अब इतना पुराना... कोणाला माहीत असणार?"

"मंग ज्याईचं नाव कोनाले मालूम नाई ते मधात उभे, अन् जिचं नाव मालूम हाय तिलेच कापलं! कायले?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. प्रफुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो दबक्या आवाजात म्हणाला, "माय, चाल घरी. पाहुणे येऊन राहिले."

"येऊ दे. मी येथीच हावो."

साहेबाला हलणारी बाई चालली नव्हती, आता ईश्वरदासांना न हलणारी चालत नव्हती. संताप शामकलाबाईंच्या डोक्यात गेला होता. एकदा फेकलेल्या बाईला यांनी दुसऱ्यांदा फेकलं, तेही हात जोडून!

उद्घाटनासाठी समईजवळ पूजेचं ताट मांडलं होतं. शामकलाबाई तरातरा तिकडे गेल्या. समईतल्या तेलात बोट बुडवलं, कुंकवात दाबलं आणि परत भिंतीशी आल्या. मजुराच्या अर्ध्या खांद्यापासून, सोनेरी चौकट ओलांडून, त्यांचा हात पांढऱ्या भिंतीवर सरकला आणि ठरल्यासारखा एका जागी थांबला. तिथे त्यांनी बोट टेकवलं. मग वाकून नमस्कार केला. रीताने डोक्यावर पदर घेतला आणि तीही ताटाकडे गेली.

"अरे, पोंछो इसको!" ईश्वरदास ओरडले. एक माणूस ओलं फडकं घेऊन धावला.

"पुसा," शामकलाबाई म्हणाल्या. "तेल हाय त्यात. जेवढं पुसान तेवढं पसरन."

त्याने पुसलं आणि ते पसरलं. आणखी जोर लावला तसं आणखी पसरलं. बोटाएवढा टिळा होता, तो माणसाच्या तोंडाएवढा लाल झाला. तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आत आले. भिंतभर साहेब सोडून त्यांची नजर थेट तिकडेच गेली.

"इथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

ईश्वरदासांनी तोंड उघडलं. प्रफुलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आईच्या लाल बोटाकडे. मग त्या माणसाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाला, "होतं नाई जी, हाय. आमची खापरपणजी हाय. धुरपता."

तेव्हा कुठे शामकलाबाई जागच्या हलल्या.