टाचेविना पाय

मशीन थांबलं आणि त्यातून पाच बोटांचा, सुरेख चवड्याचा, पण टाच मुळीच नसलेला पाय बाहेर आला. पायगाडीकाकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, नाकाशी धरून हुंगलासुद्धा.

"वासावरून काय कळतं हो काका?" मशीनवाल्या ताईने विचारलं.

"घाई," काका म्हणाले.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात काकांचं काम एकच, पायांच्या फाइली पायांनी पोचवायच्या. मापाच्या खोलीतल्या संगणकात विंडोज, वरच्या मजल्यावर पायांचे आराखडे काढणाऱ्या नकाशेवालीकडे मॅक आणि तळघरात मशीनला लिनक्स. एका घरातल्या तीन जावाच त्या. मध्यस्थाशिवाय एकमेकींशी बोलायच्या नाहीत. गळ्यात दोरीला पेनड्राइव्ह अडकवून काका दिवसभर जिना चढत-उतरत. त्यांच्या चालण्याने पायऱ्या मधोमध बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. एकदा पेनड्राइव्ह चहात पडला, तर त्या फाइलीतून निघालेला पाय आठवडाभर तरतरीत होता, असं ते शपथेवर सांगत. नियम मात्र चेष्टेचा नव्हता. फाइल दिली की दारात उभं राहायचं. समोरचा "उघडली" म्हणेपर्यंत हलायचं नाही.

आता मालकीणबाईंच्या मनात आलं होतं की फाइली आपल्या आपण जाव्यात. त्यासाठीचं सर्व्हर सॉफ्टवेअर काकांनीच निवडावं, कारण तिन्ही जावांच्या खोडी त्यांनाच ठाऊक. जमलं, तर महिनाअखेरीस काकांनी घरी आराम करावा. नाही जमलं, तर आहे तसं चालू. थोडक्यात, पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही पारखून.

पहिलं सॉफ्टवेअर विंडोजशी गुळपीठ जमवून बसलं आणि नकाशेवालीला दर पाच मिनिटांनी पासवर्ड विचारू लागलं. तिने ते संध्याकाळच्या आत हाकललं. दुसरं तिघींशी गोड बोललं, चपळही होतं. फक्त त्याने हा बिनटाचेचा पाय जन्माला घातला होता.

काकांना कोडं सुटायला वेळ लागला नाही. मशीनच्या फोल्डरात फाइल दिसली की ते कापायला सुरुवात करायचं. ताटात पडेल ते खायची सवय. या सॉफ्टवेअरमध्ये फाइल यायला लागताक्षणीच दिसायची. टाच वाटेत होती तोवर मशीनने जेवण उरकलं.

"सांगून टाका बाईंना, नाही जमत म्हणून," ताई हळूच म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

पाय काखेत मारून काका जिना चढू लागले. चार पायऱ्या चढले आणि डोक्यात किडा वळवळला. फाइल पडद्याआडून आली तर? पुरती आल्यावरच पडदा वर गेला तर? तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या माहितीत तसलं काहीतरी वाचल्याचं आठवत होतं. न बघता घरी गेलं असतं तर नोकरी टिकली असती, पण झोप कुठून आली असती?

ते परत फिरले. तिसरं सॉफ्टवेअर बसवलं, फाइल सोडायला लावली आणि ती अर्ध्या वाटेत असताना मुद्दाम तार उपटली. मशीन ढिम्म. तार परत जोडली. फाइल पुरती उतरली, तेव्हा कुठे मशीन गुरगुरलं आणि टाचेसकट पाय बाहेर आला. काकांनी सात वेळा तार उपटून पाहिली. सातही वेळा हरले, आणि दर वेळी जास्तच खूश झाले.

बाईंना त्यांनी दोनच शब्द सांगितले, "तिसरं घ्या."

बाईंची नजर त्यांच्या काखेकडे गेली. "आणि हा कुणाचा पाय?"

"ठेवून घेतो. माझाच म्हणा."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काका सर्व्हरजवळच्या खुर्चीत बसून होते. फाइली जात होत्या, येत होत्या, आणि पायांना काय करावं ते कळत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह काढून त्या बिनटाचेच्या पायात ठेवला, पाय पिशवीत घातला आणि उठले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तळघरातून ताई बोलत होती.

"काका, उघडली."

कुणी विचारलं नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि जिना उतरले. मधला खोलगट भाग सोडून, कठड्याच्या कडेने, पाहुण्यासारखे.