गोदूचं बोट

काल्हेरला गोदामांच्या मागच्या आळीत, घराच्या ओट्यावर मृणालीची शिकवणी चालायची. इंग्रजी शिकवायची तिची रीत सोपी होती. हात लावता येतो ते ‘धिस’. हात पोचत नाही त्याच्याकडे बोट करायचं आणि म्हणायचं ‘दॅट’. एकाहून जास्त असली की ‘धीज’ आणि ‘दोज’. पोरं स्वतःच्या चपला धरून ‘धीज’ ओरडायची, गोदामाकडे वळणाऱ्या ट्रकांकडे बोटं करून ‘दोज’ ओरडायची आणि आळी डोक्यावर घ्यायची.

तिच्या सासूबाईंना, राहीबाईंना, ओरडण्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचा जीव कुंपणावरच्या दुधीच्या वेलात. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते नासतं, असं त्यांच्या आईने सांगितलेलं, आणि आईने सांगितलेलं खोटं कसं असेल? “बोट वाकवून दावा रं पोरांनो!” त्या आतून ओरडायच्या. इंग्रजीला वाकडं बोट चालत नाही म्हणून मृणाली हसायची.

तेव्हा हसायला तिचं काय जात होतं! लग्नानंतर कित्येक वर्षांनी दिवस राहिले होते, पोट नुकतं दिसायला लागलं होतं. एका संध्याकाळी शेजारची गोदू, वर्गातली सगळ्यांत लहान, उभी राहिली, टीचरच्या पोटाकडे सरळ बोट केलं आणि म्हणाली, “दॅट इज अ बेबी.” पोरीचं पहिलंच अख्खं वाक्य! मृणालीने टाळ्या वाजवल्या. आत राहीबाईंच्या हातातलं भांडं पडलं.

त्याच आठवड्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी कारण नीट समजावून सांगितलं, पण राहीबाईंनी ते कानाआड केलं. घरी आलेल्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “त्या पोरीनी बोट दावलं, आन् झालं.” मृणालीने त्यांना गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंच्या कारणावर राग काढता येत नव्हता, गोदूवर येत होता.

पुढे शिकवणी पुन्हा सुरू झाली. गोदू आली, पण उजवा हात मांडीखाली दाबून बसली. कितीदा विचारलं तरी ना बोट काढी, ना तोंड उघडी. शेवटी मृणालीने तिचा हात ओढला. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. सोडली तर खाली दातांचे व्रण, काही सुकलेले, काही ताजे. बोट दाखवलंच चुकून तर ते चावायचं, म्हणजे दोष जातो, हा उतारा आळीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होता.

“राहीआजी माझे आईला सांगत होती, म्या बोट दावलं म्हनून बाल गेला,” गोदू म्हणाली. “टीचर, म्या रोज चावतंय. येल ना तो परत?”

मृणालीला स्वतःची लाज वाटली. एवढ्याशा जीवावर आपण राग धरला होता! “तुझ्या बोटाने काही झालेलं नाही गं,” ती म्हणाली. गोदूचा विश्वास बसेना. “दाखव बरं पुन्हा माझ्या पोटाकडे. सरळ दाखव. तिथे आता नासायला काही राहिलेलं नाही.” हे बोलता बोलताच इतके दिवस अडलेलं रडू फुटलं.

रडणं ऐकून राहीबाई बाहेर आल्या. त्यांनी गोदूचं बोट पाहिलं. आत जाऊन हळद आणली, बोटाला लावली आणि पोरीला हाताला धरून कुंपणापाशी नेलं. वेलावर अंगठ्याएवढा दुधी धरला होता. जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. सरळ बोट त्याच्यावर रोखलं.

“ह्ये बघ गो बाय. काय व्हतंय का? काय न्हाय व्हत.”

गोदू आधी बोटाकडे, मग दुधीकडे बघत राहिली आणि हळूच हसली.

त्यानंतर राहीबाई रोज उठल्या उठल्या वेलापाशी जायच्या. एका सकाळी मृणालीला त्या कुंपणाशी उकिडव्या बसलेल्या दिसल्या. हातात तो दुधी होता, पिवळा पडलेला, देठाशी मऊ झालेला. वेलावरची निम्मी कोवळी फळं अशीच गळतात, हे दोघींनाही माहीत होतं.

“ते पोरीला दिसाया नको,” राहीबाई म्हणाल्या.

मृणालीने खुरपं आणलं. एवढासा खड्डा खणला, पण दुधी त्यात ठेवायला दोघींचेही हात पुढे होईनात. राहीबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग मृणालीनेच तो ठेवला, दोघींनी मिळून माती लोटली आणि गोदू यायच्या आत हात धुऊन घेतले.