दर कीबोर्डामागे एक कोंबडी

शनिवारी सुकेशनीची मराठी टायपिंगची परीक्षा, आणि सोमवारी तिच्या भाऊजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, बादलरावांनी, घरचा कम्प्युटर सुधारायला घेतला. तो बिघडलेला नव्हता, नुसता हळू होता. पण जवायानं तीन व्हिडिओ पाहिले होते. अनसिंगमध्ये तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो. चौथा पाहिला की गावभर सल्ले देत फिरतो. वाशीमचा क्लास संपला होता, त्यामुळे सराव करायचा तर याच डबड्यावर.

मंगळवारी विंडोज पुसून लिनक्स बसलं. झकास पळू लागलं. फक्त त्यात मराठी टायपिंग नव्हतं. ते टाकायला बादलरावांनी काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली, मशीननं पासवर्ड मागितला आणि तिथंच गाडं अडलं. बटणं दाबून बोटं दुखली, पण पडद्यावर साधा ठिपका उमटेना.

"कीबोर्ड मेला," बादलरावांनी जाहीर केलं.

"मंग वरची ओळ कायनं लिहिली, भाऊजी? नाकानं?"

"ते सोपे अक्षरं होते."

"सुके, जवायाले उलटं बोलू नको!" आई, म्हणजे बेबीताई, चुलीपासून ओरडली.

या घरात जवाई चुकत नसे. त्यामुळे कीबोर्ड चुकला. त्याला गच्चीवर सोयाबीनशेजारी वाळत घातलं. बुधवारी दुसरा आणला, तोही पासवर्डापाशी मुका. गुरुवारी तिसरा. जवाई दमतात म्हणून बेबीताई दर कीबोर्डामागे एक कोंबडी कापत होती. खुराड्यात आता एकटा कोंबडा उरला होता, आणि तो बादलराव दिसले की भिंतीकडेनं चालायचा.

शुक्रवारी सकाळी सुकेशनीनं खुर्ची ओढली. "एंटर दाबलं होतं का?"

"रिकाम्यावर कायले एंटर दाबू? येडा हाओ का मी?"

तिनं एंटर दाबलं. 'माफ करा, पुन्हा टाका,' मशीन म्हणालं. आठवडाभरात या घरात माफी मागणारं ते पहिलंच. म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं. पासवर्ड दाखवायची त्याची पद्धत नव्हती, एवढंच.

"पासवर्ड सांगा."

बादलरावांनी भिंतीकडं तोंड केलं. "सायंटिस्टबादल."

आत पळीचा आवाज थांबला.

क्लासच्या बाईंनी सहा महिने सुकेशनीच्या हातांवर टॉवेल टाकून टायपिंग करून घेतलं होतं. न दिसणारी अक्षरं तिला नवी नव्हती. खट खट, एंटर. पडद्यावर ओळी धावल्या आणि मराठी आली.

"पाह्यलं?" बादलराव म्हणाले. "हा तिसरा कीबोर्ड ओरिजिनल आहे."

"जवाईबापू होते म्हणून झालं, बाई," आई म्हणाली.

सुकेशनीनं घड्याळ लावलं. परीक्षेला एक दिवस होता आणि उतारे चाळीस.

"तुहा मोबाईलबी हळू चालून राह्यला न?" बादलराव मागून म्हणाले. "आण इकडं, त्याच्यातबी लिनक्स टाकून देतो."

सुकेशनीनं मोबाईल मांडीखाली घेतला, वर घट्ट बसली आणि पहिला उतारा सुरू केला.