चांगला म्हणाल तर उचलाल

अणुवीज केंद्राच्या साहेबांच्या खुर्च्या सभेसाठी टेम्पोतून उतरल्या तेव्हा पुकारताई लिलावघराचा ओटा धूत होती. ओटा तिचाच म्हणायचा. होड्या लागल्या की त्यावर उभी राहून ती मासे पुकारायची. आवाज असा की बंदराच्या पार टोकाला झोपलेला माणूस उठून यायचा, आणि आल्यावर विचार करायचा की आपण का आलो.

साहेबांचा कारकून भिंतीवर पोस्टर चिकटवू लागला. पोस्टरवरचा मासा दात काढून हसत होता.

"तिथं नको," पुकारताई म्हणाली. "तिथं नियम लिहिलाय."

"सभेपुरतंच आहे, बाई."

"माशाला दात कुणी दिले?" कोपऱ्यात जाळं सांधत बसलेल्या तिच्या सासूबाईंनी विचारलं.

कारकुनानं खळ आणखी फासली. पोस्टर चिकटवलं आणि वरून हात फिरवून सपाटही केलं.

आता तो नियम काय ते ऐकून घ्या, कारण नवख्याला तो खुळेपणा वाटतो. ओट्याजवळ उभं राहून जो इथल्या मासळीला 'चांगली' म्हणेल, त्याच्या नावानं ओट्याशेजारच्या घंटेचा एक ठोका पडणार. पुन्हा म्हणाला, दुसरा. तिसरा पडला की पडून असलेला सगळा माल त्याचा, भाव मागच्या लिलावाचा, आणि परतीची बात नाही. त्यामुळे व्यापारी जन्मभर मालाला नावंच ठेवायचे. मासा टोपलीत उड्या मारत असला तरी तोंड वाकडं करून "वाईट नाही" म्हणायचे, आणि तेवढ्यावरून कळायचं की गडी पाघळलाय. टोपीवाल्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जावई कसा आहे असं कुणी विचारलं, तर तोही "वाईट नाही" म्हणून मोकळा झाला. सोयरे रुसले ते लग्नापर्यंत.

दुसरा नियम साधा. आधीचा माल उठल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही.

आणि इथंच घोडं अडलं होतं. टेकडीपलीकडच्या अणुवीज केंद्रात भट्ट्या थंड करायला वापरलेलं पाणी टाक्यांमध्ये साठलं होतं. टाक्या काठोकाठ भरल्या. आता ते शुद्ध करून, भरपूर पाणी घालून पातळ करून, थोडं थोडं समुद्रात सोडायचं असं केंद्राचं म्हणणं. गावाचं म्हणणं, सोडू नका. पाण्याचा अजून एक थेंब सुटला नव्हता. बातमी मात्र सुटली होती, आणि बातमीला गाळणी नसते. शहरातली गिऱ्हाइकं इथला मासा नको म्हणू लागली. टोपीवाला रोज यायचा, चहा प्यायचा आणि हात हलवत जायचा. मासळी बर्फात पडून, होड्या खुंट्याला बांधलेल्या, आणि पुकारताईचा नवरा होडीपेक्षा केंद्राच्या फाटकाकडं जास्त बघू लागला होता. तिथं पहारेकरी हवे होते.

"आज माल उठला नाही तर उद्या अर्ज देतो," तो सकाळीच म्हणाला होता.

"दे की. फाटक कुठवर वल्हवत न्यायचं तेवढं विचारून घे."

बोलायला ती बोलली. पण ओटा धुताना बादली रोजच्यापेक्षा जड लागत होती.

सभा भरली. साहेब ओट्यावर चढले. माणूस सरळ होता. घाम पुसत होता आणि विचारेल त्याला उत्तर देत होता.

"पाणी धुतलंय म्हणता," सासूबाईंनी सुरुवात केली. "साबण कुठला?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "साबण नसतो, आजी. गाळण्या असतात, एकीपुढं एक. घातक ते बहुतेक सगळं निघून जातं. एक घटक मात्र उरतो. तो पाण्यात इतका एकजीव झालेला असतो की काढता येत नाही. पण प्रमाण अगदी थोडं."

"आमचा घरजावई," मागून कुणीतरी म्हणालं. "काढता येत नाही, आणि मोजायला गेलं तर थोडाच."

"मोजणार कोण?" पुकारताईच्या नवऱ्यानं उठून विचारलं.

"आम्ही मोजू."

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुम्हाला आकडे कळवत जाऊ."

"म्हणजे मासा आमचा आणि तराजू व्यापाऱ्याचा," नवरा म्हणाला आणि खाली बसला.

मग मात्र सगळेच एकदम बोलू लागले. साहेबांनी दोन्ही हात वर केले. "ऐका, ऐका. घाबरण्यासारखं काही नाही. इथली मासळी चांगली आहे."

ठण्ण.

पुकारताईच्या हाताला तिला विचारायची सवय नव्हती. दोरी ओढून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. "एक," ती म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना वाटलं, बोलायची वेळ संपत आली. "आवरतो," ते म्हणाले. "मुद्दा एवढाच, की ती आजही चांगली आहे..."

ठण्ण. "दोन."

टोपीवाल्यानं चहाचा पेला हळूच खाली ठेवला. पुकारताईचा नवरा बर्फातल्या टोपल्यांकडं बघत राहिला. नवख्या माणसाला दुसऱ्या ठोक्याला सावध करायचं, अशी रीत होती. पुकारताईला वाटलं, आज विसरावं. पण रीत मोडली तर उद्या ओट्यावर कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"साहेब," ती म्हणाली, "मागं भिंतीवर नियम आहे. तो वाचा आणि मग बोला."

साहेब वळले. भिंतीवरचा मासा हसत होता. खाली लिहिलं होतं, 'आपला समुद्र, आपली जबाबदारी.'

"अगदी योग्य," साहेब म्हणाले. "जबाबदारीनंच सांगतो. पाणी सोडल्यावरही इथली मासळी चांगलीच राहील."

पुकारताईनं कारकुनाकडं पाहिलं. कारकून स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

ठण्ण. "तीन. माल साहेबांचा."

नवऱ्यानं जाऊन पोस्टर सोलून काढलं. साहेबांनी नियम वाचला. पुन्हा वाचला.

"पण ते माझं नुसतं मत होतं," ते म्हणाले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाण्याचं?"

साहेबांनी आधारासाठी टोपीवाल्याकडं पाहिलं. "नियम आहे, साहेब," टोपीवाला म्हणाला. असला आनंद त्याला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता.

साहेब कारकुनाकडं झुकले. "आपल्या कँटीनला मासे कुठून येतात?"

"लांबून, साहेब."

"इथले का नाही?"

"इथले... कुणी खात नाही."

कारकून अगदी हळू बोलला. पण लिलावघराची बांधणीच अशी की कुजबुजही पार दारापर्यंत जाते. कुणी हसलं नाही.

साहेबांनी कोट काढून खुर्चीला लावला, बाह्या वर सारल्या आणि पहिली टोपली स्वतः उचलली. बर्फाचं पाणी थेट त्यांच्या बुटात गेलं. खुर्च्या आणलेल्या टेम्पोतून मासळी गेली आणि खुर्च्या गावातच राहिल्या. ऊन कलायच्या आत होड्या सुटल्या. अर्जाचा कागद घरी पडला होता, सासूबाईंनी त्यात सुया गुंडाळून ठेवल्या.

पाण्याचा निकाल काही त्या दिवशी लागला नाही. पुढची सभाही तिथंच भरली. कँटीनमध्ये इथलीच मासळी शिजत होती आणि ती खाऊन साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. या वेळी पोस्टर कारकुनानं दाराबाहेर लावलं.

"साहेब," पुकारताईनं विचारलं, "पाणी कसं आहे?"

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. घंटेकडं पाहिलं. पुकारताईच्या हातातल्या दोरीकडं पाहिलं.

"वाईट नाही," ते म्हणाले.

सासूबाईंनी जाळ्याची गाठ दातांनी आवळली. "हं. आता खरी घासाघीस सुरू झाली. बसा साहेब. मोजणार कोण, तिथून सांगा."

साहेब बसले.