लाल पट्टीचं टोक

वापरलेल्या तारा मी फेकत नाही. दातांवरून उतरवलेली तार धुते, पेशंटच्या उजव्या बाजूच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावते आणि दुपारी दवाखाना रिकामा झाला की सूक्ष्मदर्शकाखाली धरते. नवी तार गुळगुळीत असते. तोंडात काही आठवडे काढले की तिचा नूर उतरतो. ओरखडे पडतात, बारीक खड्डे पडतात, लाळेतल्या क्षारांची पुटं चढतात. "चिवट काही खाल्लं नाही हो डॉक्टर," असं पेशंट छातीठोकपणे सांगतात आणि तार भलतंच सांगते. सोबतचे डॉक्टर मला कुंडलीवाल्या बाई म्हणतात. म्हणू देत.

त्या दुपारी ताईची तार होती. ताई माझी थोरली बहीण. पन्नाशीला आल्यावर हट्टाने माझ्याकडून दातांना तारा बसवून घेतल्या. भावोजी म्हणाले, "आता कोणाला दाखवायचेत?" ती म्हणाली, "आरशाला."

तारेचा एक अर्धा भाग चांगलाच घासलेला होता. लाल पट्टीकडच्या अर्ध्यावर मात्र ओरखडा म्हणून नव्हता, नुसता पांढरा थर साचलेला. म्हणजे त्या बाजूने ताई चावतही नव्हती आणि तिथे ब्रशही फिरवत नव्हती. आमची आई गालातल्या जखमेने गेली, आणि ती जखम तिने कितीतरी दिवस घरात कोणाला कळू दिली नव्हती.

मी लगेच फोन लावला. "ताई, उजवीकडे दुखतंय का गं?"

"उजवीकडे? छे! काही नाही. का गं ठमे?"

"शपथ?"

"तुझी शपथ. उजवीकडे कुठेही दुखत नाहीये."

ताई माझी खोटी शपथ घेणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. तरी जीव थाऱ्यावर येईना. हात धुतले, पुन्हा धुतले. खुर्चीत बसले, उठले, खिडकी उघडली, लावली. चहा गार झाला. शेवटी चडफडत पुन्हा तार उचलली आणि नजर त्या वळणावर गेली. ताईचा डावा सुळा वर राहिला होता, तो खाली ओढायला मी तारेत पायरीसारखं वळण दिलं होतं. ते वळण लाल पट्टीच्याच अर्ध्या भागात होतं.

पट्टी उलट्या टोकाला लागली होती. ताईला खुर्चीत आडवं केलं की मळमळतं. एरवी मी पेशंटच्या डोक्यामागे बसते, या वेळी तिच्यासमोर उभी राहून तार काढली, आणि माझा उजवा हात तोच तिचा उजवा धरून मोकळी झाले. गप्पांच्या नादात! शिकाऊ पोरांना ज्यावरून फैलावर घेते, तीच चूक. गालही पाहिला नाही, कारण गाल ताणून धरणारं प्लास्टिक नेमकं तिथेच बसतं.

पुढच्या पेशंटना उद्या बोलवायला सांगून मी तडक तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. माझ्या हातातली बॅटरी पाहिली आणि काही न विचारता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसली.

"डावीकडे," मी म्हणाले.

"आता बरोबर विचारलंस." तिने तोंड उघडलं.

मागच्या दाढेपाशी, गालाच्या आत, पांढरट कडांचा चट्टा होता. बोट लावलं तर कडा टणक लागली. तारेच्या घासण्याने होते तसली ती जखम नव्हती. मला तिचा इतका राग आला की दोन शब्द सुनावावेसे वाटले, पण मी बॅटरी बंद केली.

"दात सरळ झाल्यावर सांगणार होते," ती म्हणाली. "थोडेच तर दिवस राहिले होते. आधी सांगितलं असतं तर तू तारा काढून टाकल्या असत्यास."

"काढणारच आहे. आणि उद्या सकाळी तुकडा काढून तपासायचा. डॉक्टर मी ठरवते. तू फक्त यायचंस."

तिने मान हलवली. मग माझं मनगट घट्ट धरलं.

"ठमे, खरं सांग. आईच्या जखमेपेक्षा लहान आहे ना?"

"खूपच लहान आहे," मी ठणकावून म्हणाले.

आईची जखम मी कधी पाहिलीच नव्हती.