दिवसाचा एक तांब्या

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे. पोटाला पोचा आलाय, पण गळत मात्र नाही. कणकवलीच्या बाजारात तांबटाने मला ठोकून घडवलं आणि सुगंधाआजींच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर जोगेश्वरीला आलो. माझ्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं. गुणाजीआजोबा गिरणीतून आले की त्यांच्यासमोर भरून उभं राहायचं, हे माझं काम. मी रिकामा झालो की आजींचा चेहरा खुलायचा. रिकामं होणं हीच शाबासकी, असं मी धरून चाललो.

पुढे फ्रिजच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो.

मग आजोबांच्या फुफ्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. आजींनी मला खाली काढलं, चिंचेने लखलखीत घासलं. "पाण्यान सगळा वायट धुवान जाता," त्या म्हणाल्या. दिवसातून पाच-सहा वेळा मी भरायचो. आजोबा निमूट प्यायचे.

पण त्यांना मळमळायला लागलं, डोकं दुखायला लागलं. एका सकाळी ते आजींकडे बघून म्हणाले, "अक्का, पयली पाळी गेली काय?" अक्का म्हणजे त्यांची बहीण. ती कधीच वारली होती, गिरणीही बंद पडली होती. आणि आजींनी काय केलं? आणखी दोन पेले पाजले. मी खुशाल ओतत राहिलो.

दुपारी आजोबांना इस्पितळात न्यावं लागलं. रक्तातलं सोडियम एकशे अठरा! हवं एकशे पस्तीसच्या वर. सोडियम म्हणजे मिठातला एक भाग.

"पण आजोबा तर पापडावर पापड खातात," नात रुचिरा म्हणाली. "मग मीठ कमी कसं?"

डॉक्टरांशी बोलून घरी आलेल्या तिच्या आईने, दीप्तीने, वाटीभर सोलकढीत माझ्यातलं पाणी ओतलं. "चाख."

"ई! अळणी!"

"मी मीठ काढलं का त्यातलं?"

"नाही... पाणी वाढवलंस!"

"तसंच आजोबांच्या रक्तात झालंय."

"मग जास्तीचं पाणी शूवाटे का नाही जात?" रुचिरा कसली सोडतेय!

"अंगात पाणी कमी पडलं की मेंदू एका हार्मोनच्या हातून मूत्रपिंडांना हुकूम धाडतो : पाणी धरून ठेवा. आजोबांची गाठ तोच हुकूम उगाच सोडतेय. मूत्रपिंडं बिचारी ऐकतायत."

मी गार पडलो. इतकं पाणी मीच तर वाहिलं होतं!

डॉक्टरांनी सोडियम घाई न करता, जपून वर आणलं. घरी सोडताना बजावलं : सध्या दिवसाला एकच लिटर. चहा, पेज, सगळं त्यातच. म्हणजे बरोबर मी!

आजी मला सकाळी एकदाच भरू लागल्या. "गो, एक घोट," आजोबा विनवायचे. दिला तर ते पुन्हा आपल्याला विसरतील, ही आजींना धास्ती; नाही दिला तर जीव तुटायचा. त्या आवळासुपारीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या.

शेजारच्या मालनबाई शहाळं घेऊन आल्या. "तहानलेल्याक पाणी देऊक नाय? कसली गो तू बायको!"

आजींनी पेलाभर शहाळ्याचं पाणी आजोबांना दिलं आणि तेवढंच माझ्यातलं तुळशीला ओतलं. "आज संध्याकाळचो चाय नाय हां," त्यांनी आजोबांना सांगितलं.



आठव्या दिवशी रिपोर्ट आला : एकशे बत्तीस. गाठ अजून आहे, औषधं चालू आहेत. पण रात्री जेवताना आजोबांनी घोटभर कढी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "सुगंधा, कढी अळणी झाली गो."

सुगंधा! आजी हसल्या, रडल्या, आणि मीठ आणायला उठायचंच विसरल्या.

मित्रांनो, तुम्ही पोटभर पाणी प्या. पण घरातलं आजारी माणूस एकाएकी गोंधळलं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. पाणी किती द्यायचं, तेही त्यांनाच विचारा. मला अधूनमधून चिंच लावा. आणि रात्री माझ्या तळाशी घोटभर पाणी उरलेलं दिसलं, तर हळहळू नका. आजी ते बघतात, माझ्यावर झाकण ठेवतात आणि आजोबांच्या शेजारी निवांत झोपतात.